तिकिटाआधीची सुई

दाढी पांढरी झालेल्या, घरात नातवंडं असलेल्या माणसाला "आ करा" म्हणायचं आणि त्याच्या तोंडात पोलिओचे थेंब टाकायचे, हे काम मी वर्षानुवर्षं केलेलं आहे. हसू दाबून केलेलं आहे. हजला जाणाऱ्यांसाठी दरवर्षी आमच्या दवाखान्यात शिबिर लागायचं. मेंदूज्वराची सुई सगळ्यांना, फ्लूची म्हाताऱ्यांना, आणि पोलिओचे थेंब लहानथोर न बघता प्रत्येकाला. सुईला कोणी कुरकुरत नसे. दंड पुढं करत, डोळे मिटत, मोकळे होत. घोडं अडायचं ते थेंबांपाशी.

एका आजींनी तर ओढणीचं टोक तोंडावर घट्ट धरलं. "नक्को बेटी, नन्ने बच्चों कू पिलाते वो. मैं कित्ते पोतरों की दादी हूँ, मालूम है क्या तेरे कू?"

मी म्हटलं, "दादी, वहाँ के सरकार कू तुम बच्चीच दिखते. नक्को बोले तो जहाज में बिठाते नई."

जहाजाचं, म्हणजे विमानाचं, नाव काढल्यावर ओढणी खाली आली. थेंब पडले. आजींनी तोंड वाकडं केलं, जरा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "इत्ता कडवा? और हमे बच्चों कू मारते थे, मूँ खोल बोलके!" रांगेतली माणसं पोट धरून हसली. पुढच्या सगळ्यांनी न सांगता आ केला.

मी महानंदा. बिदर जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. नोकरीची शेवटची बरीच वर्षं लसीकरणाच्या खोलीत गेली. तोंडावर लोक अक्का म्हणायचे, माघारी सुईअक्का. दोन्ही नावं मला आवडायची. एकात मान होता आणि दुसऱ्यात भीती, आणि सरकारी नोकरीत दोन्ही लागतात.

आमच्या भागातून परदेशी कोण जातंय, असं पुण्याकडचे पाहुणे विचारतात. त्यांना वाटतं, आम्ही फार तर उदगीरला जातो. हजला जाणारे आहेतच. दुबई-मस्कतला गवंडीकाम, गाडी चालवायला जाणारे आहेत. डॉक्टर व्हायला परक्या मुलखात जाणारी पोरंपोरी आहेत. आणि लोकांना माहीत नसलेली एक जात म्हणजे साखर कारखान्याचे फिटर. आमच्याकडं ऊस आणि कारखाने, त्यामुळं मशिनीत हात काळे केलेली पोरं गावोगावी. आफ्रिकेतही ऊस होतो, तिथंही साखर कारखाने आहेत, आणि तिथल्या मशिनी बिघडल्या की त्यांना आमच्या पोरांची आठवण येते.

ही सगळी मंडळी पासपोर्ट काढतात, तिकीट काढतात, बॅगा भरतात, बॅगेत शेंगाचटणी आणि कडक भाकरी कोंबतात, आणि मग कोणीतरी सांगतं, अरे, सुई घेतली का? तेव्हा ते धावत माझ्याकडं यायचे.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. काही लशी ज्या देशात जायचं तो देश मागतो; त्याशिवाय आत घेत नाही. काही कोणी मागत नाही, पण आपल्या जिवासाठी घ्याव्यात, टायफॉइडची, काविळीची, धनुर्वाताची. आणि लस घेतली की लगेच काम करते असं नाही. दुधात विरजण घातलं आणि लगेच वाडगा घेऊन बसलं, तर दही मिळत नाही. पिवळ्या तापाच्या लशीचंच घ्या. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांना तिचा पिवळा दाखला लागतो, आणि तो दाखला सुई घेतल्यापासून दहा दिवसांनी चालू होतो. ती लस आमच्याकडं नव्हतीच. ती ठरावीक केंद्रांवरच मिळते, आमच्या माणसांना हैदराबाद जवळ. पण हेलपाटा फुकट जाऊ नये म्हणून आधी माझ्याकडं येऊन विचारायचे, आणि मीही त्यांना भरपूर विचारायची. करोनानंतर लस या विषयात घरोघरी डॉक्टर झाले आहेत, तरी विचारायचं काम अजून कोणाला जमत नाही, असं माझं मत आहे.

दहा दिवसांवरून आठवलं. बसवकल्याणकडचा एक आचारी आफ्रिकेतल्या हॉटेलात निघाला होता. माझ्यासमोर आला तो गळ्यात वाळलेला हार, कपाळावर गुलाल. गावानं सत्कार केला होता, वेशीपर्यंत वाजत आणलं होतं. तिकीट चार दिवसांवर. मी दहा दिवसांचं सांगितलं तर तो मटकन खालीच बसला. एजंटनं तिकीट पुढं ढकलून दिलं, तो प्रश्न सुटला. मोठा प्रश्न वेगळाच होता.

"अक्का, गावाकडं कसा जाऊ? निरोप घेतलेला माणूस माघारी आला तर लोक काय म्हणतील?"

हैदराबादला सुई घेतली आणि पठ्ठ्या गेला सरळ गाणगापूरला. लॉजवर राहिला, सकाळी संगमावर आंघोळ, दुपारी माधुकरी. घरी फोन करून सांगायचा, "पोचलो. इथली हवा लई चांगली हाय." तिसऱ्या की चौथ्या दिवशी संगमावर अंग पुसताना समोर सख्खा चुलता उभा! चुलत्यानं हात जोडले म्हणे. दत्तमहाराजांनी पुतण्याला आफ्रिकेतून दर्शनाला आणलं, असंच त्याला आधी वाटलं. पुढं तो आचारी सुखरूप गेला आणि अजून तिथंच आहे. मला दरवर्षी पाडव्याला फोन करतो आणि म्हणतो, "अक्का, तुमच्या सुईमुळं गाणगापूर घडलं."

सगळ्या गोष्टी अशा हसऱ्या नाहीत. एका बाईंची लेक घानात बाळंत होणार होती. बाईंचे सांधे दुखायचे आणि त्यासाठी जी औषधं चालू होती, ती शरीराची रोगाशी लढायची ताकद दाबून टाकणारी होती. पिवळ्या तापाची लस जिवंत जंतूंची असते, खूप अशक्त केलेल्या, पण जिवंत. अशा माणसाला ती धोक्याची. आमच्या डॉक्टरांनी नाही म्हटलं आणि ते बाईंना समजावायचं काम माझ्यावर आलं. बाळंतविड्याचं सामान पिशवीत घेऊन आल्या होत्या. "मी गेले न्हाई तर तिला कढण कोण करून घालंल?" एवढंच विचारत राहिल्या. नातू फोनवर बघितला त्यांनी. सल्ला बरोबर होता, तरी ती पिशवी आठवली की आजही मला वाईट वाटतं.

आता विचारण्याचं सांगते, कारण त्याशिवाय मल्लूची गोष्ट कळणार नाही.

आमच्याकडं दवाखान्यात माणूस एकटा येत नाही. बाईबरोबर सासू, पोराबरोबर बाप, म्हाताऱ्याबरोबर सगळं खटलं. आणि प्रश्न एकाला विचारला की उत्तर दुसराच देतो. सुनेला पाळी चुकली का विचारावं, तर सासू म्हणते, "न्हाई न्हाई." तुम्हांला कसं माहीत, असं म्हणायची सोय नाही. म्हणून मी एक युक्ती केली होती. सोबतच्या माणसाला पासपोर्ट देऊन म्हणायचं, "याची झेरॉक्स काढून आणा, दोन्ही बाजूंची." तो बाहेर गेला की खरं उत्तर मिळायचं. त्या झेरॉक्सचं मला काही काम नसायचं. दवाखान्यासमोरच्या झेरॉक्सवाल्यानं मात्र माझ्यामुळं दुकानाला पत्र्याऐवजी स्लॅब टाकला, असं लोक म्हणत.

एके सकाळी हळ्ळीखेडचे शरणप्पा आपल्या पोराला घेऊन आले. लिंगायत शेतकरी, पांढरा सदरा, कपाळावर विभूती, बोलण्यात दम. पोरगा मल्लिकार्जुन, घरचं नाव मल्लू. कलबुर्गीला डिप्लोमा करून कारखान्यात फिटर झालेला, आता युगांडाच्या कारखान्यात लागला होता. परवा हैदराबादला सुईची पाळी होती.

"अक्का, पोरगं युगांडाला जायलंय. तिकडं जाताना काय काय टोचून घ्यावं लागतंय ते सांगा," शरणप्पा म्हणाले.

मी मल्लूला विचारायला लागले आणि शरणप्पा उत्तरं द्यायला लागले. मागं मोठं आजारपण? न्हाई. कुठल्या गोळ्या चालू? न्हाई. कुठल्या औषधाचं रिॲक्शन? न्हाई.

"अंड्यानं कधी त्रास झालाय का?"

शरणप्पा मोठ्यानं हसले. "अक्का, तुम्ही बी शरणांच्याच घरच्या न्हवं? आमच्या घरात अंड्याचं नाव बी घेत न्हाईत. खातच न्हाई त्याला त्रास कशाचा?"

इथंच आमच्या लोकांची चूक होते, आणि चांगल्या घरची माणसंच ती करतात. माझ्याही माहेरी अंडं शिवत नव्हते, म्हणून मला ती ओळखीची. खात नाही म्हणजे त्रास नाही, असं त्यांचं सरळ गणित. पण पिवळ्या तापाची लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. ज्याला अंडं सोसत नाही, त्याला ती सुई जिवावर बेतू शकते. आणि ज्यानं कधी खाल्लंच नाही, त्याला सोसतं की नाही हे कोणाला माहीत? तशांना मी बेकरीच्या केकचं विचारायची. केक सगळेच खातात. त्यात अंडं असतं हे माहीत असूनही नसल्यासारखं करतात.

बाप हसत होता तेव्हा मल्लू फरशीकडं बघत होता. मी पासपोर्ट उचलला. "अण्णा, एवढी झेरॉक्स काढून आणा."

ते गेल्यावर मी विचारलं, "आता तू सांग. अंडं खाल्लास कधी?"

"न्हाई अक्का."

"बरं. केक?"

"केक बी न्हाई."

"वाढदिवसाला बी न्हाई? हॉस्टेलात राहिलास न्हवं तू?"

"भ्याव वाटतंय," तो म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्यानं जीभ चावली.

"केकचं कामून भ्याव वाटायलंय तुला?"

मग हळूहळू बाहेर पडलं. डिप्लोमाला असताना पोरं त्याला अंड्याच्या गाड्यावर घेऊन गेली. भोळा म्हणून चिडवायची, म्हणून यानं ऑम्लेट खाल्लं. निम्मं खाल्लं नसेल, तोवर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, गळा आवळत चालला. श्वास घेता येईना. दवाखान्यात नेऊन इंजेक्शनं दिली तेव्हा वाचला. घरी सांगितलं, मधमाशी चावली.

मी त्याला लस कशात वाढवतात ते सांगितलं. पोराचा चेहरा उतरला. नोकरी गेली, हे त्याला आधी कळलं. मग त्याच्या डोक्यात दुसरंच काही आलं आणि त्यानं माझे हात धरले.

"अक्का, अप्पाला तेवढं सांगू नका. मी घेतो सुई. काय हुईल ते हुईल."

मला इतका राग आला की हात सोडवून घेतला. "काय हुईल ते हुईल? मेलास तर मधमाशी चावली म्हणून सांगू का तुझ्या अप्पाला?"

तो रडायला लागला. माझा राग ओसरला, पण भीती गेली नाही. मी गप्प बसले असते आणि तो हैदराबादच्या केंद्रावर जाऊन, बाप शेजारी असताना, "अंडं खात नाही" एवढंच म्हणाला असता, तर कोणाला काय कळणार होतं? बापासमोर एक वाक्य बोलण्यापेक्षा त्याला मरण सोपं वाटत होतं. अशी पोरं आमच्याकडं पुष्कळ आहेत. बाप वाईट असतात असंही नाही. धाक प्रेमाच्या जागी बसतो आणि मग उठत नाही.

"हे बघ," मी म्हटलं, "तुझी गोष्ट तुझी. मी तुझ्या बापाला सांगणार न्हाई. पर डॉक्टरला सांगितल्याबिगर तुला जाऊ बी देणार न्हाई. आन वाट बंद झाली असं कुणी सांगितलं तुला? मोठ्या दवाखान्यात ॲलर्जीचा डॉक्टर असतोय. आधी कातडीवर तपासून बघतात. जमण्यासारखं असलं तर सुई एकदम देत न्हाईत, थोडी थोडी करून, समोर बसवून देतात. पर त्याला दिवस लागतील, आन अप्पा विचारतील, कामून म्हणून. तवा काय सांगायचं, ते तुझं तू ठरव."

शरणप्पा झेरॉक्स घेऊन आले. पोराचे डोळे बघून म्हणाले, "सुई टोचायच्या आधीच रडायलास व्हय रे?"

मी टेबलावरचा कापूस उगाच सारखा करत राहिले. मल्लू भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघत होता. मग तक्त्याकडं बघतच त्यानं सगळं सांगितलं. गाडा, ऑम्लेट, गळा आवळला ते, मधमाशी. एकदाही थांबला नाही.

शरणप्पांनी सदऱ्यावरूनच छातीवरच्या लिंगाला हात लावला. खुर्चीवर बसले. मला वाटलं, आता पोराला मारतात की उठून निघून जातात. मी मधे पडायच्या तयारीनं उभी राहिले.

"तवा तुझ्याजवळ कोण व्हतं रे?" त्यांनी विचारलं.

"पोरं व्हती. ती घाबरून गेली. गाडेवाल्यानंच उचललं मला. गाडा तसाच सोडून रिक्षात घालून नेलं त्यानं."

शरणप्पा मग माझ्याकडं वळून म्हणाले, "अक्का, ह्यानं मधमाशी चावली म्हणून फोन केला तवा मी हसलो व्हतो. येवढा मोठा घोडा, माशीला भितो म्हणून चेष्टा केली ह्याची. सगळ्या घराला सांगितलं." आणि तो एवढा दमदार माणूस माझ्यासमोर उपरण्यात तोंड लपवून रडला. मी पुष्कळ माणसं रडताना बघितली आहेत, पण सुईच्या खोलीत बाप लोक सहसा रडत नाहीत.

मी दोघांना आमच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी हैदराबादला फोन करून पुढचं ठरवलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मल्लू बोलायच्या आत शरणप्पांनीच सांगितलं म्हणे, की माझ्या पोरानं अंडं खाल्लं होतं आणि ते त्याच्या जिवावर बेतलं होतं. तपासणी झाली. डॉक्टर तयारीनिशी समोर उभे, मल्लू पलंगावर, आणि बाप दाराशी. लस थोडी थोडी करत सगळी दिली. अंगावर थोड्या गांधी आल्या, तेवढ्यावर निभावलं. शरणप्पांनी तिथूनच मला फोन लावला. "अक्का, पोरगं बसलंय समोर. पाणी प्यायलंय. बोलायलंय," एवढंच तीन-तीनदा सांगत होते. मी दवाखान्यातल्या देवाच्या फोटोला हात जोडले आणि पुढच्या बाळाला ट्रिपलचं इंजेक्शन दिलं.

दहा दिवस संपल्यावर, जायच्या आधी, मल्लू एकटाच मला भेटायला आला. पाया पडला. मी विचारलं, "हे दिवस कसे काढलास रे? गाणगापूरला गेलास का काय?"

"न्हाई अक्का. अप्पा म्हणाले, चल कलबुर्गीला. कामून ते सांगितलं न्हाई. उतरल्यावर म्हणाले, तो गाडा दाखव."

मी हातातलं काम ठेवलं.

"गाडा व्हता तिथंच. तव्यावर अंडी चाललेली, वास सुटलेला. मला वाटलं, अप्पा लांबच उभे राहतील. ते सरळ पुढं गेले. हात जोडून म्हणाले, तुम्ही माझ्या लेकराला दवाखान्यात नेलात, मला उशिरा कळलं. त्याला काही आठवंना. किती पोरं येतेत साहेब, म्हणला. मग माझं तोंड बघितलं आन वळखलं. लाजला तो. आता ह्यांना काय द्यावं, त्याला समजंना. गाड्यावर आमच्या घरी चालंल असं काहीच नव्हतं. शेवटी पाणी विचारलं त्यानं."

"मग?"

"त्याच हातानं अंडी फोडायलेला तो. तसाच जग उचलून गिलास भरला. मी अप्पाकडं बघायला लागलो. आमचे अप्पा पावण्याच्या घरी बी आपला तांब्या घेऊन जातेत, अक्का. त्यांनी गिलास घेतला, तिथंच उभं राहून सगळा प्याले, आन म्हणाले, अजून द्या."